मे महिन्यातलं हैदराबाद: खायला जायचं तर दिवस असा मांडा

वणीजवळच्या गावातल्या एका ताईंनी विचारलं आहे की मेच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस हैदराबादला जायचं आहे, तेही मुख्यतः खाण्यासाठी. सोबत नवरा, दोन शाळकरी मुलं, माळकरी सासरे आणि शुगर असलेल्या सासूबाई. बिर्याणी कुठली खायची, राहायचं कुठे, सासऱ्यांच्या जेवणाचं काय, परत येताना काय आणायचं, आणि मुळात एवढ्या उन्हात जावं की नाही? पांढरकवड्याहून लहान लहान गट घेऊन मी या रस्त्यानं बरीच वर्षं जातो, तेव्हा जे पाहिलं आणि पटलं ते सविस्तर सांगतो.

जाण्याबद्दल शंका ठेवू नका. हैदराबाद समुद्रसपाटीपासून साधारण 540 मीटर उंचीवर आहे. आपल्याकडे वणी-चंद्रपूरला पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा तिथे तो बहुधा 40 च्या आसपास असतो आणि संध्याकाळी सहानंतर वारा सुटतो. उन्हाची आपल्याला सवय आहे, पण ती घरच्या उन्हाची. घरी आपण अकराला दार लोटून घेतो, आंबील किंवा ताक पितो, चारला उठतो. प्रवासात हे सगळं सुटतं. दुपारी दोनला भरपेट मटण खाऊन माणसं चारमिनारसमोरच्या तापल्या फरशीवर फोटो काढत उभी राहतात आणि रात्री लॉजवर उलट्या सुरू होतात. दोष पाण्याला किंवा हॉटेलला दिला जातो. बहुतेक वेळा चूक दिवसाच्या मांडणीत असते.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. हॉटेलांची यादी नंतर करा, आधी घड्याळ मांडा. हे शहर उन्हाळ्यात कोणत्या वेळी काय खातं ते पाहा आणि त्याच वेळी तेच खा. पहाटे साडेपाच ते नऊ बाहेर, बाराच्या आत जेवायला बसणं, एक ते साडेचार खोलीत, आणि साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत पुन्हा बाहेर. घरच्या दिनक्रमाला फक्त शहराच्या जिभेची जोड द्यायची.

आता तारखा. उन्हाळवाही आटोपली आणि बियाण्याची धावपळ अजून सुरू व्हायची आहे, असा मोकळा काळ शेतकऱ्याच्या घरात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच मिळतो. विदर्भातल्या शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे मुलांचं अडत नाही. फक्त मृग नक्षत्राच्या आसपास, म्हणजे 7-8 जूनच्या सुमाराला, जाऊ नका. तेव्हा नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दम्यासाठीचा मासळीचा प्रसाद देतात आणि त्यासाठी आपल्याच भागातून माणसं मोठ्या संख्येनं जातात. स्टेशनजवळचे लॉज त्या दिवसांत मिळत नाहीत. मेच्या शेवटी एखाद्या संध्याकाळी वादळी पाऊस येऊ शकतो, तेव्हा बाहेरच्या खाण्याचा बेत अर्धा तास मागे-पुढे होईल एवढं धरून चला.

जायचं कसं, तर तुमच्यासाठी रेल्वेचे दोन मार्ग सोयीचे. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सेवाग्राम, चंद्रपूर आणि बल्लारशाला थांबते. सकाळी चंद्रपूरला चढलात की दुपारी बाराच्या सुमारास सिकंदराबाद. गाडी उत्तम, पण ती भर उन्हात उतरवते, म्हणून त्या दिवशी दुपारचा कोणताच बेत नको. दुसरी आदिलाबादहून रात्री निघणारी कृष्णा एक्सप्रेस. ती पहाटेच्या सुमारास पोहोचवते, आणि खाण्यासाठी जाणाऱ्याला पहाटेची वेळ सगळ्यात मोलाची. तिकीट काढताना ताजं वेळापत्रक आणि गाडीचे वार तेवढे पाहा. स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर पांढरकवडा, पाटणबोरी, पैनगंगेचा पूल, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी असा राष्ट्रीय महामार्ग 44 सरळ शहरात नेतो, पांढरकवड्यापासून साधारण साडेतीनशे किलोमीटर. पहाटे चारला निघा आणि टायरची हवा निघण्याआधी, टायर थंड असताना तपासा. तापलेल्या रस्त्यावर कमी हवेचे टायर फुटतात.

राहण्यासाठी हायटेक सिटीकडच्या चकचकीत हॉटेलांचा मोह टाळा. ती जुन्या शहरापासून पंधरा-वीस किलोमीटर लांब आहेत आणि तुमचं सगळं खाणं जुन्या बाजूला आहे. अबिड्स, नामपल्ली, कोठी किंवा काचीगुडा या पट्ट्यात एसी खोली घ्या. मोजमजाही मार्केट आणि कोठी इथून जवळ, चारमिनार तीन-चार किलोमीटर. काचीगुडा आणि सुलतान बाजार हा मराठी माणसांचा जुना भाग. 1907 साली सुरू झालेली विवेकवर्धिनी शिक्षणसंस्था इथलीच. सासू-सासऱ्यांना या भागात परकं वाटणार नाही. मेट्रो गार असते आणि अबिड्स-कोठीच्या आजूबाजूला तिची स्टेशनं आहेत. चारमिनारला मात्र रिक्षाच करावी लागते. पहाटे ती दहा-पंधरा मिनिटांत पोहोचवते, संध्याकाळी त्याच अंतराला तासभरही लागतो.

आता मुख्य गोष्ट, सकाळ. एक पहाट पूर्ण चारमिनारला द्या. 1591 सालची ही इमारत गर्दीशिवाय पाहायची तर सहाच्या आत पोहोचायला हवं. मक्का मशिदीला लागून निमराह कॅफे आहे. तिथे इराणी चहा घ्या आणि सोबत ताजी उस्मानिया बिस्किटं. या चहात कोरा काढा एका भांड्यात तासन् तास मंद आचेवर असतो, दूध दुसऱ्या भांड्यात आटत असतं आणि दोन्ही कपात एकत्र येतात. आपला चहा उकळतो तसा हा उकळत नाही, म्हणून चव दाट आणि तुरट-गोड लागते. बिस्किट थोडं खारं, थोडं गोड, तोंडात विरघळणारं. शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानच्या, नावावरून ते ओळखलं जातं. सासूबाईंसाठी मात्र एक सूचना. बहुतेक ठिकाणी साखर आधीच घातलेली असते, बिनसाखरेचा मागून मिळत नाही. त्यांनी दोन घोट चाखावेत, अख्खा कप नको.

चहानंतर तुमची वाट दोन बाजूंनी फुटते. मांसाहारींनी नहारी खावी. पाया (बकऱ्याचे पाय) आणि जिभेचं मांस रात्रभर मंद आचेवर शिजवून केलेला हा पातळ, चिकट रस्सा पहाटेच खायचा असतो, सोबत कुलचा किंवा चारकोनी नान. शादाब हॉटेलात तो सकाळी मिळतो. नान पाहायची असेल तर पुराणी हवेलीच्या भागात तंदूरच्या भिंतीला थापून काढतात ती पाहा. नहारी जड आहे, दोघांत एक घ्या आणि साडेसातच्या आत घ्या. त्याच वेळी सासरे आणि ज्यांना नको ते सगळे गुलजार हौजजवळच्या गोविंदच्या बंडीवर, म्हणजे हातगाडीवर, डोसा खाऊ शकतात. लोण्यात भाजलेला डोसा, आत उपमा आणि वरून मसाल्याची पूड. बंडी पूर्ण शाकाहारी आहे, पण कांदा असतो. सासरे कांदा-लसूणही पाळत असतील तर आधीच सांगा, साधा डोसा करून देतात. दुसऱ्या दिवशी पहाटे हीच गोष्ट मोजमजाही मार्केटजवळच्या राम की बंडीवर करता येईल. ती पहाटे अंधारातच सुरू होते.

तिसऱ्या सकाळी लांब जाऊ नका. लॉजजवळ ‘टिफिन्स’ अशी पाटी असलेलं कोणतंही गर्दीचं ठिकाण गाठा आणि पेसरट्टू मागवा. हिरव्या मुगाचं हे धिरडं सासूबाईंसाठी चारही दिवसांतली सगळ्यात चांगली न्याहारी. तांदळाच्या इडलीपेक्षा ते साखर सावकाश चढवतं. रस्त्यावर सकाळी अंबलीच्या हातगाड्या दिसतील, नाचणीची किंवा ज्वारीची आंबील, ताक आणि कांदा घालून. आपलीच चीज आहे. नऊ वाजता खोलीवर परतताना एक पेला प्यायलात तर दुपार सुखाची जाईल.

बिर्याणीबद्दल थोडं निवांत बोलू, कारण बहुतेक सगळे तिच्यासाठीच जातात आणि चुकीच्या वेळी खातात. हैदराबादची खरी ओळख कच्च्या गोश्ताची बिर्याणी. दही, कच्ची पपई, तळलेला कांदा आणि मसाला लावलेलं कच्चं मटण देगेच्या तळाशी, त्यावर अर्धवट शिजवलेला तांदूळ, मग झाकण कणकेनं बंद करून दम. मटण आणि भात एकाच वेळी तयार व्हायला हवेत, हीच कसोटी. तुम्ही सांगितल्यावर ती होत नाही. देग ठरलेल्या वेळी उघडते आणि उघडल्यावर पहिल्या तासात ती सगळ्यात चांगली असते. मोठ्या हॉटेलांत पहिल्या देगा बाराच्या सुमारास निघतात, म्हणून पावणेबाराला बसा. दोनला गेलात तर गर्दीही जास्त आणि ऊनही.

शादाब, शाह घौस, आरटीसी क्रॉस रोडचं बावर्ची ही तिन्ही नावं विश्वासाची आहेत. तुलना करण्यासाठी तिन्ही ठिकाणी जाऊ नका. एकदा मटणाची खा, नीट खा आणि झोपा. एका प्लेटमध्ये दोघांचं पोट भरतं. आपली जीभ सावजीच्या तर्रीवर वाढलेली, त्यामुळे पहिला घास घेतल्यावर हमखास कोणीतरी म्हणतं की ही तर फिकी आहे. तिखट शोधू नका. भाताच्या प्रत्येक शितात मटणाचा रस आणि केशराचा वास उतरला आहे का ते पाहा. तिखटासाठी सोबत मिरची का सालन असतं, शेंगदाणा, तीळ, खोबरं आणि चिंचेच्या वाटणातलं. दह्याची चटणीही येते, ती उन्हाळ्यात सोडू नका. आणि वाढणाऱ्याला तळापासून काढायला सांगा, मसाला तिथेच असतो. त्या रात्री पुन्हा मटण नको.

मुलांनी हलीमचं नाव ऐकलं असेल. हैदराबादी हलीमला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते रमजानचं अन्न आहे. 2018 ते 2020 मध्ये रमजान मे महिन्याच्या आसपास येत असे, आता तो मागे सरकून फेब्रुवारी-मार्चकडे गेला आहे. काही हॉटेलं वर्षभर करतात, पण हलीमची खरी चव रमजानच्या भट्टीची. त्यासाठी वेगळी फेरी करा, या फेरीत पोटातली जागा दुसऱ्या गोष्टींना द्या.

आणि ती दुसरी गोष्ट म्हणजे तेलंगणाचं घरगुती जेवण, जे आपल्याकडून जाणारे बहुतेक लोक चाखतच नाहीत. माझ्या मते उन्हाळ्यातलं हैदराबाद बिर्याणीपेक्षा यात जास्त भेटतं. ‘मील्स’ लिहिलेल्या शाकाहारी हॉटेलात दुपारी बाराला जा. हिमायतनगरच्या मिनर्व्हा कॉफी शॉपसारखी जुनी ठिकाणं आहेत, लहान हॉटेलं तर गल्लोगल्ली. ताटात पप्पू म्हणजे तुरीचं घट्ट वरण येईल आणि मेमध्ये त्यात कैरी असते. गोंगुऱ्याची चटणी येईल, ती आपली अंबाडीच, फक्त त्यांच्याकडे तेल आणि मिरची सढळ. पच्ची पुलुसू मिळालं तर दोनदा घ्या. चिंचेचं न शिजवलेलं पातळ सार, त्यात कच्चा कांदा आणि मिरची, खास उन्हाळ्यासाठीच. तूप-भातावर नवं आवकाय लोणचं कालवून बघा. मेमध्ये ते घरोघरी नुकतंच घातलेलं असतं आणि मोहरीची झणझण तेव्हा ताजी असते. शेवटी दही किंवा ताक. भाकरीचं हॉटेल सापडलं तर जोन्न रोट्टे म्हणजे ज्वारीची भाकर सासूबाईंसाठी मागवा, भात कमी होईल.

सासऱ्यांचा प्रश्न इथेच सुटतो. माळकरी माणसाला मांसाहारी हॉटेलात नेऊन "तुमच्यासाठी पनीर मागवतो" म्हणणं बरोबर नाही. वासानं त्यांचं जेवण जात नाही आणि ते संकोचानं काही बोलतही नाहीत. बिर्याणीच्या दिवशी त्यांना आधी मील्सच्या हॉटेलात जेवू घालून खोलीवर सोडा, मग तुम्ही जा. उरलेल्या तीन दुपारी सगळेच शाकाहारी जेवा. तुमच्या पोटालाही ते हवंच आहे. हैदराबादी शाकाहार गरीब नाही. बगारे बैंगन (शेंगदाणा-तिळाच्या रश्श्यातली वांगी), खट्टी दाल आणि बगारा खाना (फोडणीचा मसालेभात) एकत्र खाऊन पाहा, मग पटेल. संध्याकाळी त्यांना नौबत पहाडावरच्या बिर्ला मंदिरात न्या. संगमरवर सूर्यास्तानंतर पायाला सुखावतो आणि वारा छान असतो.

सासूबाईंच्या बाबतीत अजून थोडं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना जेवणाच्या नव्या वेळा सांगा. प्रवासात गोळी घेतली आणि जेवण दोन तास लांबलं, तर साखर उतरण्याचा धोका जास्त. पर्समध्ये बिस्किटं आणि थोडी साखर असू द्या. इन्सुलिन तापल्या गाडीत ठेवून उतरू नका, ते सोबत थंड पिशवीत न्या. उन्हानं घाम खूप येत असेल तर साखरेचं सरबत नको, मीठ घातलेलं ताक द्या. नारळपाणीही बेतानंच. खुबानी (जर्दाळू) का मीठा आणि डबल का मीठा या दोन्ही गोष्टी अतिशय गोड आहेत. खुबानीचा एक चमचा चाखायला द्या, डबल का मीठा तळलेल्या पावाचा आणि पाकाचा, तो टाळलेला बरा.

संध्याकाळ मुलांची. मोजमजाही मार्केट ही 1935 ची दगडी इमारत, निजामाच्या दुसऱ्या मुलाच्या नावाची. तिथे फेमस, शाह आणि बिलाल ही हातानं फिरवलेल्या आइस्क्रीमची जुनी दुकानं शेजारी शेजारी आहेत. मेमध्ये एकच मागवा, आंब्याचं. सीताफळाचं नाव पाटीवर दिसेल, पण त्याचा हंगाम पावसाळ्यानंतरचा. तिथून जवळच कराची बेकरीचं मूळ दुकान आहे, 1953 साली सिंधी कुटुंबानं सुरू केलेलं. कोठीला गोकुळ चाट आहे, मिरची भजी तिथेच खा. पाणीपुरी मात्र मेमध्ये मी लहान मुलांना देत नाही, आणि रस्त्यावरचा बर्फ तर कोणालाच नाही. लाडबाजारच्या बांगड्या रात्री आठनंतर पाहा, दिवे लागल्यावर तो बाजार खुलतो. शुक्रवारी दुपारी नमाजामुळे चारमिनारचे रस्ते भरलेले असतात आणि सालारजंग म्युझियमही शुक्रवारी बंद असतं. इतर दिवशी मुलं खोलीत बसायला तयार नसतील तर दुपारी म्युझियम बरं, डोक्यावर छप्पर असतं.

रस्त्याकडेला ताडगोळे दिसले की थांबा. तिथे त्यांना ताटी मुंजलु म्हणतात. समोर सोलून घ्या, मऊ आणि पाणीदार हवेत, कडक झालेले पोटाला जड. नीरा प्यायची असेल तर नेकलेस रोडला सरकारनं 2023 साली नीरा कॅफे उभारला आहे. नीरा सूर्योदयाआधी काढतात आणि ऊन लागलं की ती आंबून ताडी होऊ लागते, म्हणून थंड ठेवलेलीच घ्या. माळकरी सासऱ्यांना ही गोष्ट आधी सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

आंबा हा या फेरीचा खरा नफा. मेमध्ये बंगनपल्ली भरात असतो, हैदराबादेत त्याला बेनिशान म्हणतात. कापून खायचा आंबा, पातळ साल, रेषा जवळजवळ नाहीत. हिमायत दिसला तर महाग असला तरी दोन घ्या. रसाळीसाठी आपल्याला चोखायचा आंबा लागतो, तो तिथे रसालु नावानं मिळतो, लहान आणि मोठा. घरी न्यायला कडक, नुकते रंग धरणारे निवडा आणि गाडीत पेंढ्यात ठेवा. पिकलेले आणलेत तर आदिलाबादपर्यंतच पाणी सुटतं.

परत येताना बिर्याणीचे डबे मात्र बांधू नका. हे मी प्रत्येक गटाला निक्षून सांगतो आणि तरीही कोणीतरी शेजाऱ्यांसाठी चार पाकिटं घेतोच. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की त्यात असे जंतू वाढतात ज्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मेच्या उन्हात गाडीतले सहा-सात तास म्हणजे नेमकी तीच अवस्था. नहारीचंही तेच. त्याऐवजी कोरड्या वस्तू घ्या. उस्मानिया आणि फ्रूट बिस्किटं, बेगम बाजारातून सुकी खुबानी, शहाजिरं, दगडफूल आणि मराठी मोग्गू (वाळलेल्या कळ्यांचा मसाला). दगडफूल आपल्या सावजी मसाल्यातही पडतं, पण तिथे निवडलेलं, माती नसलेलं मिळतं. मूठभर चुरगाळून वास घ्या, वास आला नाही तर ते जुनं आहे. मिरची तिथून आणायची गरज नाही, भिवापुरी घरात आहे. खुबानी रात्रभर भिजवा, सकाळी बी काढून त्याच पाण्यात साखर घालून शिजवा, बी फोडून आतला मगज वरून घाला. शेजाऱ्यांना हैदराबाद चाखवायचं असेल तर हे द्या.

एसी खोलीचं आरक्षण आजच करा, वर सांगितलेल्या पट्ट्यात, आणि दुपारी वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा, एवढं फोनवर विचारून घ्या.